कुंताच्या पाठीतला आवाज

कुंताच्या पाठीत काहीतरी वाहतं आहे, हे पहिल्यांदा कळलं ते तिच्या नवऱ्याला, डोमाला. दुसऱ्या कुणाला कळलं असतं तर त्याने कान झाडून सोडून दिलं असतं. पण डोमाचा कान म्हणजे मूल या बाजारगावाच्या आसपासच्या साऱ्या ढिवरांनी, मासे धरणाऱ्यांनी, मानलेला कान. त्यांच्या गावच्या तलावावर जाळं टाकण्याआधी पाणी ऐकायची रीत होती. पेरं फोडून आरपार पोकळ केलेला बांबू घ्यायचा, एक टोक पाण्यात बुडवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोंग्यात, छोट्या होडीत, श्वास धरून बसायचं. थोड्या वेळाने डोमा हात वर करून सांगे, इथी मरळ हाये, तिथी नुसता गाळ. बाकीचे मुकाट्याने तो म्हणेल तिथे जाळं टाकत. कधी जाळं रिकामं आलं तर मासे हलले म्हणत, डोमा चुकला असं कोणी म्हणत नसे. एखाद्याच्या कानाला एवढी पत मिळाली की त्या घरातल्या बाकीच्यांचं काही खरं नसतं.

त्या दुपारी कुंता ओसरीवर पालथी पडली होती. उजव्या खांद्याखाली दुखत होतं म्हणून सासूने, देवकाबाईने, टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल कोमट करून दिलं होतं आणि डोमा ते चोळत होता. चोळता चोळता त्याचा हात थांबला. मग तो वाकला आणि त्याने आपला कान तिच्या पाठीवर टेकवला.

"हलू नोको," तो म्हणाला.

"काऊन? काय झालं?"

"बोलू बी नोको."

तो उठला, वळचणीला खोचलेला बांबूचा तुकडा घेऊन आला आणि त्याने तो तिच्या पाठीवर उभा धरला. कुंताला हसू येत होतं. आपण काय तलाव आहोत का, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण वर पाहिलं तर डोमाचे डोळे मिटलेले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"आत वाहून राह्यलं," तो हळू आवाजात म्हणाला. "श्वास घेतला का जोरात, सोडला का हळू. पानी असं वाहत नाई, कुंते. आत जीव हाये."

हे एकोणसाठ सालचं. त्याच्या आदल्या वर्षी काय घडलं ते सांगितल्याशिवाय डोमाचं हे बोलणं वेड्याचं वाटेल, आणि तो वेडा नव्हता.

आदल्या वर्षी कुंताला दिवस गेले होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी गेले, म्हणून देवकाबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. पोट भराभर वाढलं, तिसऱ्या महिन्यात सहाव्यासारखं दिसू लागलं. बायका म्हणाल्या, जुळं आहे. मग एक दिवस अंगावरून जाऊ लागलं, ते थांबेचना. कुंताचा भाऊ सुकलू मूलला भाताच्या गिरणीत होता. त्याने डोमाला बरोबर घेऊन तिला आगगाडीत घातलं, नागभीडला गाडी बदलली आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे कळलं, पोटात मूल नव्हतंच. गर्भाच्या जागी नुसते पाणीदार मण्यांचे घोस वाढले होते.

डॉक्टर भला माणूस होता. समोरचा माणूस ढिवर आहे हे पाहून त्याने त्याला उमजेल अशा शब्दांत सांगितलं. "माशाच्या पोटात गाभोळी असते ना, तसं दिसतं. पण त्यात जीव नसतो. हा रोग आहे, कर्करोगाच्या जातीचा. त्यातले काही दाणे रक्तातून वर चढून छातीत रुतले आहेत. पिशवी काढावी लागेल आणि औषधही द्यावं लागेल."

डोमाने मान हलवली. पण माशाच्या गाभोळीत जीव नसतो हे ढिवराला सांगणारा माणूस भला असला तरी काय कामाचा? डोमाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं की गाभोळी म्हणजे हजार पोरं. आणि वर चढतात हेही ठाऊक होतं. पावसाळ्यात ओढे भरले की मासे धारेच्या उलट चढतात आणि वरच्या शांत पाण्यात अंडी ठेवतात. त्याने दोन्ही गोष्टी मनात एका जागी ठेवल्या आणि कुणाला सांगितल्या नाहीत.

कुंताची पिशवी काढली. मग मुंबईहून मागवलेल्या नव्या पिवळ्या गोळ्या आल्या. त्यांनी तोंड आतून सोललं, केस मूठ मूठ गळाले, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येई. पण छातीच्या फोटोतले पांढरे ठिपके विरत गेले, आणि डॉक्टर इतका खुश झाला की त्याने तो फोटो दुसऱ्या चार डॉक्टरांना बोलावून दाखवला. कुंता बरी झाली. बरी होऊन घरी आली तेव्हा तिला कळलं की घरात बरं होण्याचा अर्थ वेगळा होता.

देवकाबाई वाईट बोलली नाही. वाईट बोलली असती तर कुंताने दोन शब्द परत केले असते. ती फक्त चामोर्शीकडच्या आपल्या नात्यातल्या एका पोरीच्या गोष्टी सांगू लागली. किती कामाची आहे, किती भावांची बहीण आहे, आईला किती पोरं झाली. एका बायकोवर दुसरी करायची नाही असा कायदा झाला होता म्हणे, पण तो अजून मूलच्या पुढे आला नव्हता. डोमा हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. कुंताला त्याच्या त्या गप्प बसण्याची भीती वाटे.

आणि मग त्या दुपारी त्याने बांबू लावून ऐकलं.

देवकाबाईनेही कान लावला. "व्हय गा, बाबू," ती म्हणाली, आणि तिथेच मटकन बसून रडू लागली. "खालची जागा त्या मेल्यायनं काढली, म्हून लेकरू वर जाऊन बसलं. किती शहानं लेकरू!"

चामोर्शीच्या पोरीचं नाव त्या दिवसापासून घरात निघालं नाही. कुंताला दूध मिळू लागलं. भात रोवायला जायचं नाही, पाण्याची घागर उचलायची नाही. बाई गर्भार असली की त्या गावचे ढिवर गाभोळीची मासोळी मारत नसत, जाळ्यातून सोडवून परत पाण्यात सोडत. डोमा तशा मासोळ्या सोडू लागला. ते पाहून बरोबरच्यांनी काय ते ओळखलं आणि तेही सोडू लागले. झिंगू पुजाऱ्याने काळा दोरा कमरेला न बांधता काखेखालून छातीला बांधला. शेजारच्या बायका येत, पाठीला कान लावत, आणि बोलायचं विसरून जात. तो आवाज होताच तसा. लांबच्या बांधावरून पाणी पडावं, तेही नाडीच्या ठेक्यावर, तसा.

कुंताला हे खरं वाटत होतं का? सकाळी वाटत नसे. दुपारी वाटे. कारण दुपारी डोमा तलावावरून येई, तिच्या पाठीमागे बसे आणि आतल्या जिवाशी बोले.

हा माणूस लग्नापासून तिच्याशी 'भात वाढ' आणि 'दार लाव' यापलीकडे फारसं बोलला नव्हता. आता तो तिच्या खांद्याखाली तोंड नेऊन सांगे, तलावात धरणाच्या तोंडाशी पाणी किती खोल आहे. मरळ आपल्या पिलांना घेऊन कशी फिरते, नर कसा राखण करतो. लहानपणी डोंगा उलटून तो कसा बुडता बुडता वाचला, आणि आपल्याला पाण्याची अजून भीती वाटते हे त्याने कुणालाच कसं सांगितलेलं नाही. कुंता भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. तिच्या पाठीवर त्याचा श्वास लागे. हलायचीही सोय नव्हती, पण तिला हलायचंच नसे. आपल्या आत काहीही असो, ते आहे म्हणून हा माणूस बोलतो आहे, एवढं तिला पुरे होतं. ती सुखात होती, आणि त्या सुखाची तिला रोज थोडी लाज वाटे.

अंग मात्र साथ देत नव्हतं. निजून राहिलं की बरं वाटे, उभं राहिलं की दम लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. ओठ निळे पडू लागले. देवकाबाई कौतुकाने म्हणे, "पाय ना, जांभळं खाल्ल्यावानी दिसते." बोटांची टोकं हळूहळू फुगून बेडकाच्या बोटांसारखी गोल झाली, नखं वळली. कुंता एकटी असली की हात समोर धरून पाहत बसे. ही बोटं कुणाची? आपल्या आतून कुणी हळूहळू आपल्या जागी येऊन राहतंय का? मग तिला भर उन्हात शिरशिरी येई.

तलावाच्या काठावर कपडे खळबळताना पहिल्यांदा रक्त आलं. खोकला आला, तोंडात गरम, खारट काहीतरी भरलं, आणि समोरच्या पाण्यात लालभडक ढग पसरला. लहान मासे गोळा झाले आणि त्यात तोंड घालू लागले. कुंता पाहतच राहिली. मग तिने चूळ भरली, पदर धुतला आणि घरी आली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर नागपूर, आणि नागपूर म्हणजे आवाज जाणार, हे तिला कुणी न सांगताच कळलं होतं. पण मरायची भीती काय असते ते तिने त्या दवाखान्यात जवळून पाहिलं होतं. बाजाराच्या दिवशी बांगड्यांचं निमित्त करून ती सासूबरोबर मूलला गेली आणि गिरणीत भावासमोर उभी राहिली.

सुकलूने तिचे ओठ पाहिले आणि अंगावरचा कोंडा झटकला. देवकाबाईला त्याने सांगितलं, बहिणीला दोन दिवस माहेरपणाला ठेवून घेतो. देवकाबाई दिसेनाशी होताच त्याने कुंताला नागपूरच्या गाडीत बसवलं.

नागपूरच्या डॉक्टरने नळी पाठीला लावली आणि बराच वेळ ऐकलं. छातीचा नवा फोटो काढला. मग त्याने तिला समोर बसवलं.

"कुंताबाई, रोग परत आलेला नाही. गाठी गेल्या त्या गेल्याच. पण त्या होत्या तेव्हा त्यांनी आपल्यापुरत्या नसा मोठ्या करून घेतल्या होत्या. शेतासाठी पाट काढावा, मग शेत राहू नये आणि पाट तेवढा वाहता राहावा, तसं झालंय. तिथून रक्त हवा न लागताच पुढे पळतं, म्हणून तुम्ही निळ्या पडता. आणि त्या नसा पातळ आहेत. एखादी फुटली तर घरी कोणी काही करू शकणार नाही. फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढावा लागेल."

"ते जित्तं हाये का?" कुंताने विचारलं.

"काय?"

"जे वाजते ते."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "जिवंत तुम्ही आहात, बाई. तिथे दुसरं कोणी नाही."

"आन कापल्यावर वाजनार नाई?"

"नाही. वाजलं तर माझं काम फसलं." नवऱ्याचा अंगठा लागेल, त्याला घेऊन या, असं त्याने सांगितलं.

कुंताने घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, पाटाची गोष्टसुद्धा. डोमा खाली मान घालून ऐकत होता. देवकाबाईने मधेच तोंड उघडलं नाही हेच नवल.

"कापतीन म्हनजे मारतीनच ना," शेवटी डोमा म्हणाला. "खालचं एक डाव काढलं. आता वरचंबी काढतीन."

"आन मी मेली तं?"

डोमा उठून जाळं आवरू लागला. त्याला बायको नको होती असं नाही. त्याला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मिळेल असं त्याचा कान त्याला सांगत होता. रागावून त्याच्याशी भांडता आलं असतं तर कुंताला बरं वाटलं असतं. पण कानाशी भांडायचं कसं?

पुढच्या आठवड्यात ओसरीवर भात पाखडताना तिला ढास लागली. या वेळी रक्त थोडं नव्हतं. सुपातले तांदूळ लाल झाले, लुगडं लाल झालं, ती भिंतीला टेकून धापा टाकू लागली. देवकाबाई चुलीपासून धावत आली, तिने रक्त पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"डोमा! सुईनीले बलाव गा! कळा आल्या!" ती पाणी तापवायला धावली. जुन्या लुगड्यांच्या घड्या काढल्या. शेजारणी जमल्या. कोणी कुंताची पाठ खालून वर चोळू लागली, कोणी म्हणाली जोर लाव. आणि कुंता त्या साऱ्या जणींच्या मधे बसून पाहत होती की आपण मरतो आहोत आणि अंगणात आनंद झाला आहे. सगळ्यांना तिची काळजी होती. कुणाच्या मनात काडीचं पाप नव्हतं. हेच तिला सगळ्यात भयानक वाटलं.

रक्त आपोआप थांबलं. बायका जराशा हिरमुसल्या. देवकाबाई म्हणाली, अजून वेळ आहे, वाट सापडली नाही त्याला.

त्या शब्दावर कुंताने डोळे उघडले. आयुष्यात ती फारसं खोटं बोलली नव्हती, पण गरज पडली की तेही येतं.

"माय," ती म्हणाली, "त्याले वाट कुठून सापडन? खालून तं बंद केलं. छातीतून वाट नाई ना. तो आत गुदमरून राह्यला. तुमी आयका, तुमच्या लेकाले म्हनावं आयक, कसा तडफडून राह्यला तो. नागपूरचा डॉक्टर वाट करून देते. तवाच निघन."

डोमाने बांबू लावला. तिचं काळीज भीतीने धडधडत होतं, त्यामुळे आवाज किती जोरात येत असेल ते तिला ठाऊक होतं. त्याने बांबू खाली ठेवला.

"गाडी कवा हाये?" त्याने विचारलं.

डॉक्टरच्या कागदावर त्याने असा अंगठा दाबला की शाई कागदापलीकडे उतरली. कुंताला आत नेताना तो चाकांच्या खाटेबरोबर दारापर्यंत चालत आला. तिच्या खांद्याखाली वाकून काहीतरी पुटपुटला. ते तिच्यासाठी नव्हतं, म्हणून तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

ती शुद्धीवर आली तेव्हा पहिली गोष्ट तिला जाणवली ती वेदना, आणि दुसरी ही की श्वास पोचतो आहे. पार आत, बोटांच्या टोकांपर्यंत पोचतो आहे. दवाखान्यातल्या बाईने आरसा दाखवला. ओठ गुलाबी होते. कुंता त्या ओठांकडे पाहून हसली, आणि पाहता पाहता तिला आठवलं की बाहेर कोण बसलं आहे.

डोमा आत यायला उशीर झाला. त्याच्या हातात देवकाबाईने जुन्या लुगड्यांची शिवलेली एक वीतभर गोधडी होती, नीट घडी घातलेली. तो खाटेच्या कडेला उभा राहिला. बाजूच्या खाटेवर पाहिलं, खाटेखाली पाहिलं, मग कुंताकडे पाहिलं.

"मी डॉक्टरले पुसलं, कुठी हाये," तो म्हणाला. "त्यानं बरनीत दाखवला. त्याले लय आनंद झाला होता, हसून राह्यला होता." त्याने गोधडी दुसऱ्या हातात घेतली. "नाकडोळे आले नोहोते, कुंते. नुसत्या शिरा. आपन घाई केली."

कुंताला वाटलं, हो म्हणावं. मेलेलं मूल घेऊन घरी जाता येईल. देवकाबाई छाती पिटेल, गाव सुतक धरेल, आणि निदान मूल होऊन गेलेली बाई म्हणून घरात तिला एक कोपरा राहील. एका खोट्याने ती इथवर आली होती, दुसरं तिच्या जिभेवर तयार होतं. पण समोर डोमा ती गोधडी अशी धरून उभा होता, जणू ती जड आहे. त्याला आयुष्यभर तसं उभं ठेवायचं तिच्याने झालं नाही.

"घाई नाई केली," ती म्हणाली. "तो नोहोताच. मी खोटं बोलली. मले जगायचं होतं."

"पन मी आयकलं."

"रक्त होतं ते. माह्यं."

डोमा खाली बसला, फरशीवरच. त्याने गोधडीची घडी उलगडली आणि परत घातली. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "मंग इतके दिवस मी कोनाशी बोलून राह्यलो होतो?"

"माह्याशी," कुंता म्हणाली. "मरळीचं, धरनाचं, डोंगा उलटला त्याचं. पान्याची तुमाले भीती वाटते त्याचंबी. आयकनारी मीच होती."

तिने पाहिलं तर तो कानापर्यंत लाल झाला होता. परक्या बाईसमोर उघडा पडल्यासारखा त्याने चेहरा दुसरीकडे वळवला आणि उठून व्हरांड्यात निघून गेला.